पडद्यावरचा नकाशा आणि पायाखालची जमीन
वर्गाध्यापनातील डिजिटल साधनांविषयी एक अभ्यास

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावर कोल्हार आणि बाभळेश्वर मागे टाकल्यावर शिर्डीच्या थोडे अलीकडे राहाता लागते. पेरूच्या बागांसाठी हे गाव ख्यात आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हा तालुका तसा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. तथापि उत्तरेच्या बाजूने गोदावरीचा उजवा कालवा आणि दक्षिणेच्या बाजूने प्रवरेचा डावा कालवा येथे पोहोचल्यामुळे गेल्या शतकात या भूमीचे रूप पालटले. येथील शेतकऱ्याच्या घरातील मुलाला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. पाट कधी सुटणार, चारीचे पाणी कोणाच्या शेतापर्यंत आले, आवर्तन किती दिवसांचे, ही बोलणी तो जेवणाच्या ताटावर ऐकत असतो.

हाच मुलगा चौथी-पाचवीत परिसर अभ्यासाच्या तासिकेला बसला आणि गुरुजींनी नकाशा काढावयास सांगितला, की पुस्तकातील आकृती मुकाट्याने गिरवू लागतो. त्या आकृतीतील निळी रेघ आणि आपल्या बांधाशेजारून वाहणारा पाट ही एकच वस्तू होय, हे त्याच्या ध्यानी येतेच असे नाही. नकाशाला गुण मिळतात, परंतु नकाशा समजलेला नसतो. शाळांमधून आज दिसू लागलेले मोठे पडदे, संगणक, टॅबलेट आणि भ्रमणध्वनी यांचा वर्गात नेमका उपयोग काय, या प्रश्नाचा विचार येथून सुरू करावा असे वाटते. मूल जे जाणते आणि पुस्तक जे सांगते, त्यांत पडलेले अंतर यंत्राने कमी होते काय? होत असेल तर कोणत्या क्रमाने, आणि ते यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची? शिक्षक, पर्यवेक्षक अधिकारी आणि पंचायत सदस्य या तिघांनाही हा प्रश्न लागू आहे. ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आहे आणि शाळेच्या भिंतीमागे विजेची जी तार येते, ती बहुधा पंचायतीच्या दारावरूनच येते.

साधनांची परंपरा

वर्गात यंत्र आणण्याचा खटाटोप नवा नव्हे. ‘दृक्श्राव्य साधने’ हा शब्द अध्यापक विद्यालयांतून दोन पिढ्यांपूर्वीच रूढ झाला होता. चित्रपटाचे यंत्र आल्यावर शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ साली केले होते. पुस्तके राहिली, ते यंत्र संग्रहालयात गेले. पुढे आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि दूरचित्रवाणीकडून अपेक्षा वाढल्या.

या अपेक्षांची खरी परीक्षा उपग्रहाने झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. तरीही या प्रयोगाची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि सायंकाळी ग्रामस्थांसाठी कार्यक्रम असत, आणि हे संच गटागटाने ठेवून त्यांच्या देखभालीची व दुरुस्तीची यंत्रणा आरंभीच योजलेली होती. संच बिघडल्यावर कोणाकडे जावयाचे, हे संच गावात येण्यापूर्वी ठरले होते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आपण साधने पुष्कळ आणली, परंतु हा क्रम मात्र क्वचितच पाळला.

पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. मराठीतून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. ज्यांचे बालपण तिच्या कार्यक्रमांवर गेले, त्या पालकांना आजही तिची आठवण येते. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणाला वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. शाळांतून संगणककक्ष आले. शिक्षकांनी एमएस-सीआयटीची परीक्षा दिली. ते प्रमाणपत्र सेवापुस्तकात व्यवस्थित लागले. त्या विद्येचा वर्गात किती उपयोग झाला, हा प्रश्न सेवापुस्तक विचारीत नाही.

चित्र पालटले ते शाळाशाळांतून, आणि बरेचसे शिक्षकांच्या स्वतःच्या उद्योगातून. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा या आदिवासी वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेत श्री. संदीप गुंड यांनी डिजिटल शाळा उभी केली. पुढे ती पाहून व तिच्याविषयी ऐकून गावोगाव लोकवर्गणी जमू लागली. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासननिर्णय २२ जून २०१५ चा. त्या काळात डिजिटल शाळेची ही लाट राज्यभर पसरली. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथील शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवून त्या पानाशी संबंधित कविता, ध्वनिफिती व चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या. ही कल्पना नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला, आणि दहा लाख डॉलरच्या पारितोषिकातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी रकमेची चर्चा अधिक केली. अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्यांचे साधन अत्यंत स्वस्त होते आणि ते पुस्तकाच्या विशिष्ट पानाशी बांधलेले होते. कोणत्या पानाला काय जोडावयाचे, हे शिक्षकाने ठरविले होते.

मार्च २०२० नंतर कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘दीक्षा’ हे २०१७ पासूनचे राष्ट्रीय व्यासपीठ, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिका आणि शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट यांच्यावर शिक्षणाचा सारा भार पडला. घरात एकच भ्रमणध्वनी आणि तो घेऊन वडील कामावर गेलेले, अशी स्थिती कित्येक घरांत होती. आता ती तशी राहिली नाही. ‘असर’ २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. मात्र पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शिक्षणाच्या कामासाठी तो वापरलेली मुले सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली सुमारे ७६ टक्के होती. यंत्र घरात पोहोचले आहे. ते कशासाठी हाती घ्यावयाचे, हे शिकविण्याचे काम शाळेकडे उरले आहे.

पेरूचा आणि बडोद्याचा धडा

राहात्याच्या पेरूशी नामसाधर्म्य असलेला दक्षिण अमेरिकेतील पेरू देश या बाबतीत पुष्कळ काही शिकवून जातो. त्या देशाने प्रत्येक मुलाला लॅपटॉप या योजनेखाली आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास होऊन २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गणित आणि भाषा या विषयांतील संपादणुकीत कोणताही फरक आढळला नाही. यंत्र मुलांच्या हाती होते, मुले ते वापरीतही होती. परंतु कोणत्या पाठासाठी ते उघडावयाचे, याची घडी शिक्षकांपाशी बसलेली नव्हती.

याउलट अनुभव आपल्या शेजारी बडोद्यात आला. गुजरात शासनाने २००० साली तेथील नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि त्यांपैकी फारच थोडे प्रत्यक्ष वापरात होते. ‘प्रथम’ या संस्थेने तेच संगणक घेऊन चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसविले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्यातून दोन तास, आणि प्रश्नांची पातळी त्या मुलाला जेथवर येते तेथून पुढे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांच्या गणितात ठळक सुधारणा नोंदली आहे. भाषेत मात्र परिणाम दिसला नाही, कारण खेळ गणिताचेच होते. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्या लाभाचा मोठा भाग ओसरलाही होता. याच अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वेगळे घेऊन शिकविणाऱ्या स्थानिक तरुणींचाही, म्हणजे बालसखींचा, चांगला परिणाम आढळला, आणि खर्चाच्या मानाने त्यांचे काम अधिक किफायतशीर ठरले.

दोन्ही ठिकाणी संगणकच होते. फरक पडला तो मुलाची पातळी, ठरलेला वेळ आणि ठरलेला विषय यांनी. ज्या मुलाला अद्याप वाचता येत नाही, त्याच्यापुढे रंगीत चित्रफीत लावली तर तो शांत बसतो. त्या शांततेलाच शिक्षण समजण्याची चूक आपल्याकडे फार होते. एका शाळेत दुपारच्या तासिकेला मोठ्या पडद्यावर प्राण्यांची चित्रफीत चालू होती आणि गुरुजी दाराशी बसून वरिष्ठांनी तातडीने मागितलेली माहिती भ्रमणध्वनीवर भरीत होते, असे दृश्य प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. गुरुजींना दोष देणे सोपे आहे. पण मुलांसाठी म्हणून आलेले तंत्रज्ञान आधी कार्यालयांच्या कामी लागले, ही गोष्ट अधिकारी वर्गाने मनाशी कबूल करावयास हवी.

एक पाठ, चार तासिका

आता आरंभीच्या नकाशाकडे वळू. खाली मांडलेला पाठ राहाता तालुक्यातील कोणत्याही शाळेत पाचवीच्या वर्गाला घेता येईल. अन्य तालुक्यातील शिक्षकांनी पाटाच्या जागी आपला ओढा, घाट किंवा रेल्वेमार्ग घ्यावा. पाठाला लागणारी साधने अशी : मोजपट्टी, चुन्याची फक्की, चौकटीचा कागद, आणि एक मोठा पडदा, मग तो स्मार्ट टीव्हीचा असो वा प्रोजेक्टरचा. इंटरनेटची जोडणी वर्गात असण्याची गरज नाही, ते कसे ते पुढे येईल.

पहिल्या तासिकेला पडद्याला हात लावू नये. मुलांना मैदानात न्यावे. मोजपट्टीने १० मीटरचे अंतर आखून प्रत्येकाने आपली पावले मोजावीत. पाचवीच्या मुलाची सुमारे २० पावले भरतात, म्हणजे एक पाऊल अर्ध्या मीटरचे. काहींची १८ भरतील, काहींची २३. त्यावरून वाद होतील, ते होऊ द्यावेत. सरासरी ही कल्पना येथे आपोआप हाती लागते. मग शाळेची लांबी-रुंदी पावलांनी मोजून घ्यावी आणि सकाळच्या उन्हात सावलीवरून दिशा ठरवावी.

दुसऱ्या तासिकेला कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १० पावले, अर्थात ५ मीटर, असे प्रमाण घ्यावे. हेच प्रमाण अंकांत १ : ५०० होते. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आवार कागदावर १२ सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद होते. शाळेची इमारत, पाण्याची टाकी, लिंबाचे झाड, फाटक अशा खुणा मुलांनी स्वतः मांडाव्यात. फक्कीने हीच आकृती मैदानात मोठी आखल्यास अधिक चांगले, कारण मूल तीत चालू शकते.

तिसरी तासिका पडद्याची. त्यातही पडदा १५ मिनिटांहून अधिक काळ चालू ठेवू नये. शिक्षकाने आदल्या दिवशी जेथे इंटरनेट मिळते तेथे बसून ‘भुवन’ या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरून, किंवा गुगल अर्थसारख्या सोयीतून, शाळेच्या परिसराची चार उपग्रहचित्रे जतन करून पेनड्राइव्हवर घ्यावीत : पहिले केवळ आवाराचे, दुसरे गावाचे, तिसरे गावाभोवतीच्या शिवाराचे आणि चौथे सर्व तालुक्याचे. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात प्रमाणदर्शक पट्टी येईल, अशी काळजी घ्यावी. पहिल्या चित्रात ती पट्टी २० मीटर दाखवील, शेवटच्यात तेवढीच लांबी काही किलोमीटरची होईल. प्रमाण म्हणजे काय, हे या पट्टीइतके स्पष्टपणे पाठ्यपुस्तकाला सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकातील नकाशा स्थिर असतो, आणि येथे तोच नकाशा आपल्यापासून दूर जाताना मूल पाहते. पडद्याची खरी करामत एवढीच, आणि ती पुरेशी आहे.

पहिले चित्र लागल्यावर शिक्षकाने काही सांगू नये. ‘हे काय आहे?’ एवढेच विचारावे. छपराचा रंग, टाकीचे वर्तुळ, झाडाची सावली यांवरून मुले आपली शाळा ओळखतील. ओळख पटल्याचा तो क्षण शिक्षकाने घाईने उरकू नये. दुसऱ्या चित्रात घरे शोधू द्यावीत. तिसऱ्या चित्राशी मात्र भरपूर थांबावे. ओळीत मांडलेल्या ठिपक्यांची चौकट दिसते ती पेरूची किंवा डाळिंबाची बाग. दाट, सलग, मऊ हिरवा पट्टा असेल तर बहुधा ऊस. कडा रेखीव असलेला निळसर चौकोन म्हणजे शेततळे. ही वाचनविद्या मुलांना शिक्षकापेक्षा लवकर साधते, कारण शिवार त्यांच्या पायाखालचे असते. एखाद्याने गुरुजींची चूक दाखविली तर तासिका यशस्वी झाली असे समजावे.

आणि मग पाट. निळ्या-हिरव्या रेषेवर बोट ठेवून ‘हा आमच्या रानाकडचा पाट’ असे एक मूल म्हणेल. फळ्यावर ‘पाट’ हा शब्द आधी लिहावा, ‘कालवा’ त्याच्या खाली. ‘चारी’ आधी, ‘वितरिका’ नंतर. घरच्या शब्दाला फळ्यावर जागा मिळाली की पुस्तकातला शब्द परका वाटत नाही. तयार चित्रफितींत नेमकी हीच उणीव असते. त्या साऱ्या राज्यासाठी किंवा साऱ्या देशासाठी केलेल्या असतात आणि त्यांत राहात्याचा पाट असण्याचे कारण नाही. म्हणून विकत घेतलेल्या शंभर चित्रफितींपेक्षा शिक्षकाने स्वतः जतन केलेली ही चार चित्रे वर्गात अधिक काम करतात.

चौथ्या चित्रात तालुक्याचे पाणी एका दृष्टिक्षेपात दिसते. येथे इतिहास आपण होऊन आत येतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे. प्रवरेच्या पाण्यावर लोणीच्या परिसरात ऊस उभा राहिला. तेथेच पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पण पश्चिमेकडील जिरायत गावे कित्येक दशके या पाण्याकडे दुरून पाहत राहिली. १९७० मध्ये मान्यता मिळालेल्या निळवंडे प्रकल्पाचा ८५ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अखेर २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथील समारंभात लोकार्पण झाला. सात तालुक्यांतील १८२ गावे त्याच्या लाभक्षेत्रात येतात. उपग्रहाची जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवली तर आधी कोरडी असलेली जमीन आणि नंतर तिच्यातून गेलेली कालव्याची रेघ मुलांना उघड दिसते. आजोबांच्या तरुणपणी मंजूर झालेला कालवा नातवाच्या शाळेत असताना यावा, या पन्नास वर्षांच्या अंतराविषयी मुले प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे शिक्षकाने स्वतः न देता घरी विचारून आणावयास सांगावीत.

चौथ्या तासिकेला पडदा पुन्हा बंद. मुलांनी आपला नकाशा आणि उपग्रहचित्राची छापील प्रत शेजारी ठेवून चुका शोधाव्यात, नकाशा दुरुस्त करावा, आजोबा-आजींकडून आणलेली माहिती त्यावर लिहावी. मूल्यमापन कागदावरच घ्यावे. ‘शाळेपासून पाट कोणत्या दिशेला? तेथवर किती पावले? नकाशावर ते अंतर किती सेंटिमीटर?’ असे पाच प्रश्न पुरेत. ज्या मुलांना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येणार नाही, त्यांना पडदा पुन्हा दाखवून उपयोग नाही. त्यांना पुन्हा मैदानात न्यावे.

या पाठाची एक बाजू विशेष सांगावीशी वाटते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बीड जिल्ह्यातून, पाथर्डीकडून या भागात उतरतात. त्यांची मुले काही महिने येथील शाळांत बसतात, बहुधा मागच्या बाकावर आणि बहुधा गप्प. तिसऱ्या तासिकेला शिक्षकाने त्या मुलाच्या गावाचे एक चित्र जादा तयार ठेवावे. त्याचे घर, गावातला डोंगर, येथवर आल्याचा रस्ता त्याला दाखवावयास सांगावे. पाटाच्या काठी वाढलेल्या मुलांना कोरडे शिवार कसे दिसते, हे वर्गात त्याच्याइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही. पुस्तक हे करू शकत नाही आणि पुरविलेली चित्रफीतही करू शकत नाही. त्यासाठी एक पेनड्राइव्ह आणि शिक्षकाची आदल्या रात्रीची दहा मिनिटे लागतात.

तीस युनिटांचा हिशेब

आता पंचायत सदस्यांकडे वळावयाचे. शाळेतील पडदा बंद का, असे विचारले की पहिले उत्तर ‘वीजबिल’ हे येते. हिशेब करून पाहू. मध्यम आकाराचा टीव्ही सुमारे १०० वॅट वीज घेतो. तो रोज दीड तास चालविला आणि पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिक्षणहक्क कायद्याने ठरविलेले २०० दिवस धरले, तर वर्षाला ३० युनिट होतात. त्याच शाळेतील ७५ वॅटचे चार पंखे रोज पाच तास फिरले तर ३०० युनिट जळतात. म्हणजे बिलाचा भार पडद्यामुळे पडत नाही. पडद्याचा वापर शून्य असला तरी ‘स्थिर आकार’ दरमहा लागतच राहतो आणि काही महिने बिल थकले की जोडणीच तुटते. पुनर्जोडणीचा खर्च व खटाटोप मग अधिक होतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेच्या वीजबिलाची तरतूद वर्षारंभीच केली, तर हा प्रश्न गावापुरता मिटतो. छतावर सौरसंच बसविणे उत्तमच, परंतु त्याची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हे ठरावातच लिहून ठेवावे.

दुसरे कारण बिघाड. लोणीचा कारखाना सात दशकांहून अधिक काळ उभा आहे, तो यंत्रे विकत घेतली म्हणून नव्हे. हंगाम संपला की कारखान्यातील यंत्रे उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलून पुढच्या गळितासाठी सज्ज केली जातात. ओव्हरहॉलिंग हा शब्द या तालुक्यातील लहान मुलालाही ठाऊक असतो. शाळेच्या यंत्रांना मात्र उन्हाळी सुट्टीत कुलूप लागते. धूळ बसते, उंदीर तारा कुरतडतात, आणि जूनमध्ये ओल शिरते. मे महिन्याच्या अखेरीस शाळा व्यवस्थापन समितीने एक दिवस ठरवून संच चालवून पाहावेत, अर्थिंग तपासून घ्यावे, बॅटरीची तारीख नोंदवावी. गावातच टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा एखादा तरुण असतो. त्याच्याशी वर्षाचा करार केला तर तालुक्याच्या फेऱ्या वाचतात. प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांनी जातो आणि तो महाग असतो, म्हणून नवी खरेदी करणाऱ्या लहान शाळांनी साधा मोठा टीव्ही घेणे अधिक सोयीचे. देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्यास हरकत नाही. त्याच पाटीखाली दुरुस्ती कोण करणार, तेही लिहावे.

पर्यवेक्षणातही थोडा बदल हवा. संच किती, चालू किती, बंद किती, एवढे रकाने भरून घेतल्याने वर्गात काय घडते ते कळत नाही. केंद्रप्रमुखांनी भेटीत विचारावे : गेल्या पंधरवड्यात पडदा कोणत्या पाठाला वापरला, किती मिनिटे, आणि त्याआधी मुलांनी हाताने काय केले? केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनी आपापली चित्रे एकमेकांना द्यावीत. एका शाळेने तयार केलेला शिवाराचा संच शेजारच्या शाळेला थोड्या फरकाने चालतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा, म्हणजे तो दुसऱ्याच्या संगणकावर वेड्यावाकड्या चिन्हांत उमटत नाही. आणि मुलांची छायाचित्रे व नावे समूहांवर पसरविण्याची सवय शिक्षकांनी सोडावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि मुलांची माहिती त्यात विशेष जपावयाची आहे.

चौथ्या तासिकेनंतर वर्गातील उत्तम नकाशा दप्तरात घडी होऊन पडू नये. शाळेने तो जाड कागदावर मोठा करून घ्यावा आणि ग्रामपंचायत कार्यालयात लावण्यास द्यावा. त्यावर पाट आहे, चाऱ्या आहेत, शेततळी आहेत, आणि आजोबांनी सांगितलेली जुनी नावेही आहेत. पुढच्या ग्रामसभेत एखाद्या चारीचा किंवा पाणंद रस्त्याचा विषय निघाला, तर सदस्यांनी त्या नकाशासमोर उभे राहून बोलावे आणि तो काढणाऱ्या मुलांना त्या सभेत बसू द्यावे.